आधी फिरवा, मग चहा घ्या

या वेळचं पत्र लांबून आलंय, पण माणूस आपल्या उदगीरचा आहे. पत्र मोठं आहे, कामापुरतं देतो.

"सर, इंजिनिअरिंग संभाजीनगरला केलं. गेली चार वर्षं जपानमध्ये हिरोशिमाजवळ एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. अजून दोन-अडीच वर्षं राहीन, मग परत. मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याने ओकायामाच्या रेस सर्किटवर नेलं. त्याच्या शेजारी बसून चार चकरा मारल्या आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येईना. रोटरी इंजिनची जुनी मझदा घ्यायची आहे, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सर्किटवर चालवायला. तीन गाड्या बघून ठेवल्यात. १९९६ ची आरएक्स-७ एफडी, सिंगल टर्बो बसवलेली. तिच्यासाठी कर्ज काढावं लागेल. १९९० ची आरएक्स-७ एफसी, बरीच वर्षं शेडमध्ये उभी, स्वस्त. आणि २००९ ची आरएक्स-८, सहा गिअरची, कंपनीतून आली तशीच. बायको म्हणते, एवढी हौस असेल तर साधी रोडस्टर (मझदाचीच, पण पिस्टनची छोटी गाडी) घ्या. वडिलांच्या आरएक्स-१०० वर शिकलोय, हात काळे व्हायला भीत नाही. कोणती घेऊ? आणि येताना गाडी उदगीरला आणता येईल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. नाही, आणता येणार नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, असा आपल्याकडचा आयातीचा नियम आहे. आरएक्स-७ २००२ साली बंद झाली, आरएक्स-८ २०१२ साली. म्हणजे तिन्हींपैकी एकही त्यात बसत नाही. "पार्ट करून आणू, इथे जोडू, पेपर बघून घेऊ" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकून गाडी कस्टमच्या आवारात सडवू नका. बरं, समजा आणलीच, तर उदगीरमध्ये तिला दाखवणार कुणाला? आपल्याकडे मझदा म्हटलं की लोकांना अजून स्वराज मझदाच आठवते.

तर गाडी तिथे घ्यायची, तिथे पळवायची आणि निघताना तिथेच विकायची. तुमच्या हातात साधारण तीस महिने आहेत. एवढं धरून बसा, म्हणजे एफसीचा निकाल आपोआप लागतो. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिलेली रोटरी म्हणजे आतले सील खोबणीत चिकटलेले, पेट्रोलचे पाइप कडक झालेले, टाकीत गंज, पस्तीस वर्षांच्या वायरिंगचे तुकडे. एफसी, एफडीचे काही सुटे भाग मझदाने परत काढलेत हे खरं, पण काही म्हणजे सगळे नव्हेत. तिचं काम करत बसायला मजा येईल, यात शंका नाही. पण तुमचे तीस महिने जॅकवर जातील आणि ओकायामाला तुम्ही पुन्हा दुसऱ्याच्याच शेजारी बसाल.

आता रोटरीबद्दल. मी शारजाला नऊ वर्षं गॅरेजमध्ये काढली. तिथे या गाड्या बऱ्याच यायच्या, आणि उन्हाळ्यात तर दोरीने ओढून यायच्या. त्यामुळे माझं मत थोडं पोळलेल्या माणसाचं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही आरएक्स-१०० वाले आहात म्हणून समजवायला सोपं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, भिंतीतली पोर्ट, म्हणजे भोकं, उघडतात-झाकतात. रोटरीलाही तसे व्हॉल्व्ह नाहीत, पोर्टच आहेत. टू-स्ट्रोक तेल जाळते, रोटरीही जाळते, आणि मुद्दाम जाळते: एक छोटा पंप इंजिन ऑइल थेंब-थेंब आत सोडत असतो, त्यावर टोकाचे सील घसरतात. पंपावर "टूटी मारा दोन ढोसे" म्हणायचे ते दिवस आठवा. रोटरी ठेवणारे बरेच जण अजूनही पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात, ते यासाठीच. फरक एवढाच की इथे पिस्टन वर-खाली होत नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोल घरात गोल फिरतो, आणि तो एकदा फिरेपर्यंत शाफ्ट तीनदा फिरतो. मीटरवर नऊ हजार दिसतात तेव्हा रोटर तीन हजारानेच फिरत असतो. म्हणून ते इंजिन इतकं गुळगुळीत रेस घेतं. आरएक्स-८ मध्ये तर कंपनीने वरच्या टोकाला एक टीटी वाजवणारा बझर दिलाय, कारण कानाला कळतच नाही की आता गिअर बदलायला हवा.

प्रत्येक रोटरला तीन टोकं, प्रत्येक टोकाला एक सील. पिस्टनची रिंग झिजली तर गाडी धूर टाकत दोन वर्षं ओढते. टोकाचा सील झिजला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या मिश्रणाचा दाब, जातं, आणि तुटला तर तो घराच्या भिंतीला ओरखडत बाहेर पडतो. टर्बो असेल तर टर्बोचं पातंही घेऊन जातो. मझदाच्या इंजिनिअरांना साठच्या दशकात याच सीलने रडवलं होतं. रोटरच्या घरात आतून लाटांसारख्या खुणा उठायच्या, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या टीमने तो प्रश्न सोडवला, १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली, आणि १९९१ साली चार रोटरची ७८७बी ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत बघून गाडी घेऊ नका, एवढंच सांगतो. ती जिंकणाऱ्यांच्या मागे अख्खी कंपनी उभी होती. तुमच्यामागे तुम्ही आणि रविवार.

माझी फसवणूक कशी झाली ते सांगतो, कारण तुमच्या उपयोगाची आहे. २००५ साली मी स्वतःसाठी एक एफसी घेतली. विकणाऱ्याने सकाळी सातला बोलावलं. बॉनेटला हात लावला, गार. म्हटलं, प्रामाणिक माणूस आहे, आधी गरम करून ठेवली नाही. चावी फिरवली, अर्ध्या झटक्यात सुरू. आधी त्याने चहा पाजला, मग आम्ही वीस मिनिटं फिरलो, गाडी बंद न करताच त्याच्या दारात पैसे मोजले आणि मी निघालो. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. परत चावी फिरवली तर स्टार्टर नुसता गरगरतोय, इंजिन पकडतच नाही. पंपावरच्या दोन पोरांनी धक्का दिला, दहा पावलांत सुरू! मला वाटलं बॅटरी. बॅटरी नव्हती. झिजलेली रोटरी गार असताना सुरू होते आणि गरम झाल्यावर होत नाही, कारण गरम तेल पातळ होऊन सीलला आधार देत नाही आणि स्टार्टरच्या मंद फिरण्यात कॉम्प्रेशन गळून जातं. धक्क्याने इंजिन स्टार्टरपेक्षा जोरात फिरतं, म्हणून पकडतं. घरी येऊन खोललं तर पुढच्या रोटरच्या घराचं क्रोम कडेला पापुद्र्यासारखं निघालेलं. इंजिन परत बांधायला जवळपास गाडीएवढेच पैसे गेले.

म्हणून तुम्ही उलटं करा. आधी गाडी फिरवा, वीस मिनिटं, तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत. मग बंद करा आणि विकणाऱ्याला म्हणा, चला चहा घेऊ. दहा मिनिटांनी परत या आणि चावी फिरवा. लगेच पकडली तर पुढचं बोलणं. लांबली, खोकली, "आज जरा बॅटरी उतरलीय" असं ऐकू आलं, तर चहाचे पैसे तुम्हीच द्या आणि निघा.

पण चहावर सौदा करायचा नाही, तो कागदावर करायचा. रोटरीचं कॉम्प्रेशन मोजायचं यंत्र वेगळं असतं. साधा गेज लावला तर तो एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो आणि बाकीच्या दोन झाकतो. कुणी तसला आकडा दाखवला तर हसून परत करा. या गाड्यांना रोटर दोन; खऱ्या यंत्रात प्रत्येक रोटरचे तीन, असे सहा आकडे छापून येतात. तुम्ही हिरोशिमात आहात, मझदाच्या अंगणात. रोटरीचं यंत्र असलेलं वर्कशॉप शोधायला लांब जावं लागणार नाही. आरएक्स-८ साठी नव्या इंजिनाचा आकडा चौरस सेंटीमीटरला साडेआठ किलोच्या आसपास असतो आणि ६.९ ही खालची हद्द, स्टार्टरचा वेग २५० आरपीएम धरून. एका रोटरच्या तीन आकड्यांत दीड किलोपेक्षा जास्त अंतर नको, दोन रोटरमध्ये एक किलोपेक्षा जास्त नको. आणि हे गरम इंजिनावर. माझा स्वतःचा नियम याहून कडक: सगळे आकडे साडेसातच्या वर हवेत, कारण तुम्ही गाडी भाजी आणायला नेणार नाही. ६.९ वर उभी असलेली गाडी सर्किटवर नेणं म्हणजे काठावर पास झालेल्या पोराला थेट बारावी सायन्सला बसवणं.

तुम्ही उदगीरचे, हाळी-हंडरगुळीचा बाजार पाहिलेला असणार. तिथे देवणी बैल घेणारा माणूस शिंगांच्या रंगाला भुलत नाही, जबडा उघडून दात बघतो. हे सहा आकडे म्हणजे दात. विकणारा जबडा उघडू देत नसेल, तर बाजारात बैल दुसरेही आहेत.

आणखी एक गोष्ट स्वतः बघा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून सुरू करायला लावा आणि पाण्यात बुडबुडे येतात का पाहा. रोटरीत लोखंडी भिंती आणि अॅल्युमिनियमची घरं एकमेकांवर रचून लांब बोल्टने आवळलेली असतात. दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात, मध्ये पाण्याचे रबरी सील असतात. एकदा जरी गाडी चांगली तापली असेल तरी ते सील जातात. "एकदा फक्त थोडी गरम झाली होती" हे वाक्य पिस्टनच्या गाडीत चालतं, रोटरीत नाही.

एफडीचं बोलू. दिसायला तिच्यासारखी गाडी जपानने फार थोडी बनवली, हे मीही मानतो. १२८० किलोच्या आत-बाहेर वजन, १९९६ ला कंपनीतून २६५ अश्वशक्ती. पण तुमची कंपनीतून आली तशी नाही, तिला कुणीतरी सिंगल टर्बो बसवलाय. त्याचं ट्यूनिंग कुणी केलं, कोणत्या पेट्रोलवर, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, किती ठेवला, याचा कागद आहे का? नसेल तर तुम्ही गाडी घेत नाही आहात, दुसऱ्याचा अंदाज विकत घेताय. रोटरीत मिश्रण एकदा पातळ पडलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, एकदा नॉकिंग झालं, म्हणजे ते अवेळी भडकलं, की सील तुटायला काही सेकंद पुरतात. शिवाय अमेरिकेत पंचवीस वर्षं जुन्या गाड्या आयात करता येतात, त्यामुळे एफडीचे भाव वर गेलेत आणि जपानमधल्या चांगल्या गाड्या बाहेर निघून चालल्यात. कर्ज काढून अशी गाडी घेतली की माणूस सर्किटवर ब्रेक लावायच्या जागेआधी पन्नास मीटर हप्त्याचा विचार करतो. शिकणं होत नाही. आणि नवख्याने टर्बोवर शिकूही नये. वळणातून निघताना बूस्ट नेमका नको तेव्हा येतो.

म्हणजे राहिली आरएक्स-८, आणि मी तीच घ्या म्हणतो. ती हळू आहे, असं लोक म्हणतील. २००९ च्या सहा गिअरवालीला २३५ अश्वशक्ती आहे, टर्बो नाही, खालच्या रेसला ओढ नाही. वजन पुढे-मागे जवळपास अर्धं-अर्धं वाटलेलं, इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेलं. ती चूक माफ करते आणि कोणती चूक केली तेही सांगते. ओकायामाच्या ३.७ किलोमीटरच्या फेरीत तुम्हाला ताकदीपेक्षा वळण नीट घ्यायला शिकायचंय. आयर्टन सेना या रेसरने जिथे १९९४ ला फॉर्म्युला वन चालवली तोच हा ट्रॅक, तेव्हा नाव वेगळं होतं. तिथे पहिल्याच वर्षी वेळ मोजत बसू नका.

२००८ नंतरची आरएक्स-८ घ्या, हे मुद्दाम सांगतो; आधीचीत सीलला तेल कमी पोचायचं, नंतरचीत ती व्यवस्था सुधारली. तुमची २००९ ची आहे, पण जाहिरातीवर जाऊ नका, गाडीच्या पाटीवरचा नंबर तपासून ती सुधारलेलीच आहे याची खात्री करा. इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या, कधी बदलल्या ते विचारा. या गाडीत कॉइल हा टायरसारखा झिजणारा माल समजायचा. कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो वितळून तुंबतो, मागून कोंडलेली उष्णता परत इंजिनावर येते. एका कॉइलने अख्खं इंजिन गेलेलं मी बघितलंय. गाडी घेतल्या दिवशी चारही कॉइल आणि चारही प्लग नवे टाका, जुने चांगले दिसले तरी.

पैशाचं सरळ सांगतो: तुमच्याकडे जेवढे आहेत त्याचे दोन भाग करा. एक गाडीचा, एक इंजिनाचा. इंजिनाचा भाग बँकेत वेगळा ठेवा आणि त्याला नाव द्या, म्हणजे सुट्टीत भारतात यायच्या तिकिटासाठी त्याला हात लागणार नाही. इंजिन गेलं नाही तर परतताना तो तुमचाच. कराचं जपानमध्ये एक गंमतशीर आहे: रोटरीचे १३०८ सीसी दीडपट धरतात, म्हणजे १९६२, दोन लिटरच्या गटात. वर तेरा वर्षं उलटलेल्या गाडीला जास्तीचा कर. शाकेन, म्हणजे तिथली गाडीची सक्तीची तपासणी, दर दोन वर्षांनी. ती नुकतीच झालेली गाडी मिळाली तर तुमच्या तीस महिन्यांत एकदाच करावी लागेल.

वहिनींच्या रोडस्टरबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहून पुढे गेलात. मी थोडा थांबतो. त्यांचं बरोबर आहे. हलकी, चार सिलिंडरची, सुटे भाग कुठेही, टायर-ब्रेक कमी खाते, आणि शिकायला आरएक्स-८ पेक्षाही चांगली. माझ्याकडे एखादा पोरगा नुसतं "ट्रॅकवर जायचंय" म्हणत आला असता तर मी तीच घ्यायला लावली असती. पण तुम्ही रोटरीच मागताय, आणि रोटरीच्या गावात राहताय. परत आल्यावर ती संधी नाही. इथे आल्यावर ट्रॅकसाठी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, दोन्हीकडे जायला उदगीरहून एक दिवस मोडतो, आणि गाडी रोटरी असणार नाही. म्हणून आरएक्स-८. मात्र वरचे सहा आकडे साडेसातच्या खाली आले आणि दुसरी गाडी महिना-दोन महिन्यांत मिळाली नाही, तर मुकाट्याने रोडस्टर. आणि वहिनींना पहिल्या फेरीला शेजारी बसवा, सर्किटवाले परवानगी देत असतील तर.

सर्किटवर रोटरी चालवायची रीत थोडी निराळी आहे. पायाखालचा गॅस सोडला की पिस्टनची गाडी जशी आपोआप दबते तशी ही दबत नाही, इंजिन ब्रेकिंग कमी. सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून पॉवर वाढवायचा एकही पार्ट घेण्याआधी ब्रेकचं फ्लुइड चांगल्या उकळबिंदूचं टाका आणि पॅड बदला. तेलाचं तापमान दाखवणारं वेगळं मीटर लावा; कंपनीच्या पाण्याच्या काट्यावर विसंबू नका, तो बराच वेळ मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तीन-चार फेऱ्या जोरात, मग एक पूर्ण फेरी हळू. पिटमध्ये आल्या-आल्या चावी बंद करायची नाही, दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. प्रत्येक सेशननंतर डिपस्टिक ओढायची, तेल कमी दिसणारच, ते आजार नाही. सोबत एक लिटरचा डबा कायम. आणि सर्किटवर काही आदळलं तर साधारण विमा त्यात हात घालत नाही, तो कागद नीट वाचून घ्या.

गाडी घेतलीत तर सहा आकड्यांचा कागद मला पाठवा, बघायला आवडेल. आणि एक राहिलं. शेजाऱ्याला वाट द्यायला म्हणून गार इंजिन सुरू करायचं, गाडी दहा फूट सरकवायची आणि लगेच बंद करायचं, हे रोटरीत अजिबात चालत नाही. आत पेट्रोल साचतं, प्लग ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या वेळी ती सुरू होत नाही. तसं हलवावंच लागलं तर काटा वर येईपर्यंत चालू ठेवा, नाहीतर न्यूट्रल करून ढकला. वडिलांची आरएक्स-१०० ढकललीच असेल की.